फाटलेलं जर्नल आणि सात दिवसांची मुदत

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे, वय १७. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनियर कॉलेजात शिकते. मागच्या सोमवारी मधल्या सुट्टीत वर्गातल्या तिघा मुलांनी तिच्या बॅगेतून तिन्ही जर्नल्स काढली. केमिस्ट्रीचं लॅबच्या सिंकमध्ये नळाखाली धरलं, बायोलॉजीच्या आकृत्यांची पानं फाडली, फिजिक्सचं अजून सापडलेलं नाही. एकाने पाण्यावर तरंगणाऱ्या पानांचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला, खाली लिहिलं, ‘टॉपरचं विसर्जन’. प्रात्यक्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे. प्राचार्य म्हणतात, पोरांची मस्ती आहे, आपसात मिटवा. मिस्टर त्या पोरांना स्टँडवर गाठायच्या बेतात आहेत. तिघांपैकी एकाला नोव्हेंबरात १८ पूर्ण झाली असं मुलगी सांगते. पोलिसांत जावं का? भरपाई मिळेल का? आणि माझ्या बहिणीचं अक्षर फार सुंदर आहे, तिने नवीन जर्नल्स लिहून दिली तर चालतील का?

उत्तर : ताई, तुम्ही बरंच विचारलंत, पण आधी मला एक सांगा. ती भिजलेली, फाटलेली पानं कुठे आहेत? असल्या प्रसंगात ‘नजरेसमोर नको’ म्हणून आईच गुपचूप सगळं बंबात घालते, हे मी दोनदा पाहिलंय. तुम्ही घातलं नसेल तर आजच ती पानं एकेक करून जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत वाळत ठेवा. इस्त्री फिरवू नका, डाग आणखी पसरतात. वाळल्यावर नीट बघा. टायट्रेशनच्या तक्त्यात ब्युरेटचे आकडे पुसट झाले असतील, पण तक्त्याखाली सरांची लाल सही आणि तारीख बहुतेक शिल्लक असेल. परागकणांच्या अंकुरणाची आकृती अर्धी फाटली असली तरी कोपऱ्यातली सही बघा. ती सही सांगते की प्रयोग झाला आणि अमुक तारखेला तो तपासला गेला. परीक्षेच्या अर्जाला ती लागेल आणि तक्रारीलाही. प्रत्येक पानाचा फोटो काढा, मूळ पानं फाइलला लावा, कुणालाही देऊ नका. मागितली तर झेरॉक्स द्या.

परीक्षेचं आधी बघू, कारण तारीख तिचीच जवळ आहे. विज्ञानाच्या प्रत्येक विषयात थिअरी ७० आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचं, आणि प्रात्यक्षिकाला जाताना सर्टिफाइड जर्नल हातात लागतं. मुलांना वाटतं, जर्नल गेलं म्हणजे वर्ष गेलं. तसं नसतं. जर्नलच्या पहिल्या पानावरचं प्रमाणपत्र नीट वाचा. या विद्यार्थिनीने या वर्षात हे प्रयोग केले, एवढंच त्यात कॉलेज म्हणतं. ते खरं की खोटं हे कॉलेजला स्वतःच्या दप्तरातून कळतं : प्रात्यक्षिकांची हजेरी, सरांकडची गुणांची वही, आणि तुमच्याकडची ही वाळवलेली पानं. म्हणून विभागप्रमुखांमार्फत प्राचार्यांना एक साधा विनंती अर्ज द्या. जर्नल्स नष्ट झाली, प्रयोग पूर्ण होते याचा पुरावा सोबत जोडला आहे, मुलगी जर्नल्स पुन्हा लिहील, दप्तरातील नोंदींवरून ती प्रमाणित करावीत. प्रत कोल्हापूर विभागीय मंडळाला पाठवा, सातारा त्यांच्याकडेच येतो. तीन आठवड्यांत लिहून झालं नाही तर ‘आउट ऑफ टर्न’, म्हणजे ठरलेल्या तारखेनंतरच्या, प्रात्यक्षिकाची संधी मिळावी, अशी मागणी त्याच अर्जात शेवटी लिहून ठेवा. नंतर धावाधाव नको.

हा अर्ज आणि तक्रार एका कागदावर लिहू नका. हे मी अनुभवाने सांगते. कॉलेजच्या ऑफिसात तक्रारीचा वास आला की कागद संस्थेच्या सेक्रेटरींकडे जातो, तिथून मीटिंगच्या अजेंड्यावर, आणि तुमची साधी जर्नलची विनंती त्या फाइलमध्ये अडकून बसते.

आता तक्रार. प्राचार्यांनी तुम्हाला जे सांगितलं ते तोंडी सांगितलं, कारण तुम्हीही तोंडीच गेला होतात. महाराष्ट्रात रॅगिंगवर बंदी घालणारा कायदा १९९९ पासून आहे आणि तो कागद मागतो. या कायद्याचं नाव काढलं की लोक म्हणतात, ते हॉस्टेलचं, मेडिकलचं, सिनियर लोकांचं. व्याख्या वाचली तर तसं काही नाही. शिक्षणसंस्थेतल्या विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, भीती, लाज किंवा अवघडलेपण वाटेल असं बेशिस्त वर्तन, त्यात चिडवणं आलं, धमकावणं आलं आणि ज्याला आपण गंमत म्हणतो तेही आलं. करणारा वरच्या वर्गातलाच असावा अशी अट व्याख्येत नाही. कॉलेज हा शब्द संस्थेच्या व्याख्येत थेट आहे, त्यामुळे ज्युनियर कॉलेजबद्दल वाद घालायला फारशी जागा उरत नाही. तुमच्या मुलीची जर्नल्स बुडवून वर ‘विसर्जन’ लिहून गावाला दाखवणं या व्याख्येत चपखल बसतं.

या कायद्याचं सहावं कलम तुमच्यासाठी सगळ्यात कामाचं. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांपैकी कुणीही लेखी तक्रार दिली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्यांना निलंबित करायचं आणि तक्रार पोलीस ठाण्याकडे पाठवायची. तथ्य दिसलं नाही तर तसं तुम्हाला लेखी कळवायचं. ‘आपसात मिटवा’ हा तिसरा पर्याय त्या कलमात नाही. आणि प्रमुखाने दुर्लक्ष केलं तर सातवं कलम त्यालाच रॅगिंगला चिथावणी देणारा मानतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. सातवं कलम प्राचार्यांना तोंडी ऐकवू नका, धमकी वाटते. तक्रारीच्या शेवटच्या ओळीत फक्त कायद्याचं नाव आणि ‘कलम ६ प्रमाणे’ एवढं लिहा. वाचणाऱ्याला पुढचं कलम आपोआप दिसतं.

मजकूर लहान ठेवा. असा : ‘सोमवार दि. … रोजी मधल्या सुट्टीत माझ्या मुलीच्या बॅगेतून तिच्या परवानगीशिवाय तीन जर्नल्स काढून त्यांतील दोन नष्ट करण्यात आली, तिसरं आजतागायत मिळालेलं नाही. खालील तिघांची नावं मुलीने सांगितली आहेत. संबंधित व्हिडिओचा स्क्रीनशॉट सोबत आहे. लॅब आणि वरांड्यातील सीसीटीव्हीचं त्या दिवशीचं चित्रण पुसलं जाऊ नये, जतन करावं.’ त्या मुलांचे आईबाप कोण, त्यांचे संस्कार कसले, हे एका शब्दानेही नको. सीसीटीव्हीचं वाक्य मात्र विसरू नका. चित्रणावर काही दिवसांत नवं चित्रण चढतं, आणि मागणी लेखी असली की ‘पुसलं गेलं’ म्हणणं अवघड जातं. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर वाद घालत बसू नका, सरळ पोस्टात जा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा पोहोचल्याच्या पुराव्यासह स्पीड पोस्ट करा. सात दिवस तक्रार मिळाल्यापासून मोजा. आठव्या दिवशी काहीच हाललं नाही तर तीच प्रत शिक्षण उपसंचालक, कोल्हापूर आणि राज्य बाल हक्क संरक्षण आयोग, मुंबई यांना.

स्टेटस २४ तासांत जातं. ज्या मैत्रिणीने तो व्हिडिओ पाहिला किंवा उतरवून घेतला, तिच्या फोनमधली मूळ फाइल तशीच राहू दे. चौकशी समितीला स्क्रीनशॉट पुरतो. कोर्टात जायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी मूळ फोन हवा. त्या मैत्रिणीला सध्या पुढे करू नका. तिचीही परीक्षा आहे, आणि बसही त्याच पोरांबरोबर.

पोलिसांचं. दुसऱ्याची वस्तू मुद्दाम नष्ट करणं याला कायद्याच्या मराठीत ‘आगळीक’ म्हणतात. भारतीय न्याय संहितेत हे कलम ३२४, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नुकसान २० हजारांच्या वर असेल तर पोटकलम बदलतं, पण तीन कोऱ्या जर्नल्सची किंमत दुकानात काही शे रुपये. तुमच्या मुलीच्या रात्री त्या हिशेबात धरत नाहीत. सापडत नसलेल्या जर्नलबद्दल चोरीचं कलमही लागू शकेल, पण पाच हजारांखालची चोरी आता अदखलपात्र आहे. म्हणजे ठाण्यात गेलात तर हातात पडेल ती एनसी, अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद. तिच्यावर मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तरी एनसीला काडीची किंमत नाही असं नाही, तारखेची नोंद म्हणून ती उद्या उपयोगी पडते.

तिघांपैकी दोघे अल्पवयीन आहेत, एक नाही, आणि इथे रस्ता फुटतो. वय बघायचं ते घटनेच्या दिवशीचं. दोघांची बाब बाल न्याय कायद्याखाली किरकोळ गुन्ह्यात मोडते. त्यांच्यासाठी कोठडी नाही. बाल कल्याण पोलीस अधिकारी नोंद घेतील, बाल न्याय मंडळ समज देईल, समुपदेशन किंवा समाजसेवा सांगेल, फार तर पालकांना दंड भरायला लावेल. पुढच्या आयुष्यात त्यांच्या नावावर अपात्रता राहत नाही. नोव्हेंबरात १८ पूर्ण झालेल्याचं तसं नाही. रॅगिंगच्या कायद्याखाली तो दोषी ठरला तर कॉलेजातून काढला जाईल आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. तोच पाण्यात धरणारा होता की नुसता व्हिडिओ काढणारा, हे मुलीला शांतपणे विचारून घ्या आणि तक्रारीत जेवढं तिने पाहिलं तेवढंच लिहा. आगळीकीच्या गुन्ह्यात तुम्ही नंतर तडजोड करू शकता. रॅगिंगची लेखी तक्रार एकदा पोलीस ठाण्यापर्यंत गेली की ती परत वळवणं तुमच्या हातात उरत नाही. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तक्रार द्याच, माझं मत स्पष्ट आहे. फक्त सही करण्याआधी हे माहीत असावं.

त्या मुलांनी चिडवताना जातीचा उल्लेख केला असेल, किंवा मुलीच्या शरीराबद्दल काही बोलले असतील, तर वरचं बरंचसं गणित बदलतं. पत्रात तसं काही नाही. मुलीने तुम्हालाही सांगितलं नसण्याची शक्यता असते. एकदा विचारा, मिस्टर घरात नसताना.

मिस्टरांबद्दल. त्यांना स्टँडवर जाऊ देऊ नका. १७ वर्षांच्या पोराची कॉलर धरली की आजची फिर्यादी बाजू उद्या आरोपी होते. अडवणं, मारणं, धमकावणं, तिन्हीची वेगळी कलमं आहेत आणि साक्षीदार म्हणून अख्खा स्टँड. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या मुलांची नावं, फोटो टाकणंही तसंच. चौकशीत असलेल्या अल्पवयीनाची ओळख उघड केली तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ग्रुपवर काही टाकलं असेल तर आत्ताच काढा.

भरपाईचा दावा करता येतो. अल्पवयीन प्रतिवादीच्या नावापुढे ‘अ.पा.क. वडील’ (अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीनाचा पालक) लिहून दिवाणी कोर्टात लावतात, आणि मग तारखा पडत राहतात. मी तुमची वकील असते तर लावला नसता. त्याऐवजी तालुका विधी सेवा समितीत जा. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्न न विचारता मोफत मदत मिळते. दाव्याआधीच्या समेटासाठी समिती त्या पालकांना नोटीस काढून बोलावू शकते. कोर्टाच्या आवारातली नोटीस घरी आली की ‘पोरांची मस्ती’ म्हणणारे बाप सहसा वेळेवर हजर होतात. जर्नल्सचा खर्च, लेखी माफी आणि हरवलेलं जर्नल परत, एवढं मागा.

मुलगी कॉलेजला जायला तयार नसेल तर तेही प्राचार्यांच्या कानावर घाला, लेखी. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी शिक्षणसंस्थांना निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर समुपदेशक हवा, छळाच्या तक्रारींसाठी गोपनीय सोय हवी. तुमच्या कॉलेजात समुपदेशक कोण आहे, हे विचारायला तुम्हाला कुठलंही कलम पाठ असायची गरज नाही.

आता बहिणीचं अक्षर. नको, ताई. प्रमाणपत्रात ‘हिने केलं’ असं लिहिलेलं असताना अक्षर मावशीचं निघालं तर तुमची बाजू तिथेच लंगडी पडते, आणि परीक्षकाच्या कानावर ते घालायला ती तीन पोरं टपलेली असतील. मावशीला बोलवा जरूर. तिने पानांना समास आखून द्यावेत, वाळलेल्या पानांवरचे आकडे वाचून दाखवावेत, रात्री चहा करावा. लिहायचं मुलीनेच. केमिस्ट्रीपासून सुरुवात करू दे, त्यात आकृत्या कमी असतात.