लिनक्सवर ट्रॅकपॉइंट: लाल टिंबाबद्दलची तुमची प्रश्नोत्तरे

ट्रॅकपॉइंट म्हणजे थिंकपॅड लॅपटॉपच्या कीबोर्डमधलं लाल टिंब. ते बोटानं दाबून स्क्रीनवरचा बाण हलवता येतो. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये टाइप करताना रोमन लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा; एखाद्या नावात मोठी अक्षरं असतील, तर ती तशीच ठेवा.

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): बर्डीतून जुना थिंकपॅड घेतला, डेबियन लिनक्स टाकलं. सेटिंगमध्ये वेग पूर्ण वाढवला, तरी लाल टिंब जोरानं दाबावं लागतं. बोट दुखतं.

सेटिंगमधली पट्टी फक्त बाणाचा वेग बदलते. टिंब किती दाबाला दाद देईल, हे त्याच्या चिपमध्ये ठरतं, म्हणून सुरुवात तिथूनच करा. 'फाइंड /सिस -नेम सेन्सिटिव्हिटी' या आज्ञेनं ही संवेदनशीलता ठरवणाऱ्या फाइलीचा पत्ता मिळेल. मूळ आकडा १२८, कमाल २५५. आधी १८० ठेवा, मग दहा-दहानं वाढवा. बाण थरथरू लागला की एक पायरी मागे या.

आकडा फाइलीत टाकायला मुख्य अधिकार लागतात, ते 'सुडो' देतं. पण 'सुडो इको १८०' लिहून पुढे '>' दिलं, तर परवानगी नाकारली जाते. फाइल उघडायचं काम तुमचं शेल, म्हणजे आज्ञा वाचणारा प्रोग्राम करतो, सुडो नव्हे. त्याऐवजी 'इको १८० | सुडो टी' आणि पुढे फाइलीचा पत्ता द्या. हा बदल रीस्टार्टनंतर पुसला जातो. टिकवायचा तर यूडेव्हचा, म्हणजे लिनक्समध्ये उपकरणं सांभाळणाऱ्या सोयीचा, नियम लिहावा लागतो.

ती फाइलच सापडली नाही, तर टिंब बहुधा एलान किंवा आल्प्स या कंपन्यांचं आहे. त्यातल्या अनेकांना ही सोय मिळत नाही. मग '/ईटीसी/लिबइनपुट' मधल्या 'लोकल-ओव्हरराइड्स.क्वर्क्स' फाइलीत ट्रॅकपॉइंट मल्टिप्लायर १.५ द्या आणि लॉगआउट करून परत या.

प्रश्न (सक्करदरा): दुपारी बाण आपोआप कोपऱ्याकडे सरकतो. उन्हानं सेन्सर गेला का?

बहुतेक वेळा नाही. टिंबाखालचे स्ट्रेन गेज (ताण मोजणाऱ्या पट्ट्या) दाब मोजतात आणि 'शून्य' कुठे आहे, ते चिप स्वतःच ठरवत राहते. एकाच दिशेला बराच वेळ सारखा दाब राहिला, तर चिप त्यालाच शून्य धरते. बोट उचललं की बाण उलटीकडे पळतो. अशा वेळी त्याला ओढून आणू नका, त्यानं घोळ लांबतो. बोट पूर्ण काढा, दोन-तीन सेकंद थांबा.

उष्णतेनंही गेजचं माप हलतं. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या उकाड्यात, लॅपटॉप गादीवर ठेवला की खालच्या जाळ्या बंद होतात आणि कीबोर्ड तापतो, टेबलावर ठेवा. घामानं गुळगुळीत झालेली रबरी टोपी बदला. घसरतं म्हणून आपण जास्त दाबतो आणि तिथूनच हा त्रास वाढतो. नवी टोपी मॉडेल पाहूनच घ्या. पातळ लॅपटॉपवर जाड टोपी बसवली, तर झाकण मिटल्यावर ती स्क्रीनला टेकते.

टोपी काढून, मशीन थंड असतानाही बाण सरकत असेल, तर दोष टिंबातच आहे. बहुतेक थिंकपॅडमध्ये त्यासाठी अख्खा कीबोर्ड बदलावा लागतो.

प्रश्न (मानेवाडा): एक्सएफसीई या डेस्कटॉपवर ट्रॅकपॉइंटचं मधलं बटण धरून स्क्रोल होत नाही.

'एक्सइनपुट लिस्ट' मध्ये ट्रॅकपॉइंटचा क्रमांक पाहा. त्याच्या 'लिबइनपुट स्क्रोल मेथड एनेबल्ड' या गुणधर्माला 'एक्सइनपुट सेट-प्रॉप' नं ०, ०, १ द्या. शेवटचा १ म्हणजे बटण दाबून स्क्रोल. चाललं, की हीच आज्ञा 'सेशन अँड स्टार्टअप' मध्ये टाका.