‘आपला’, ‘आमचा’ आणि वाळूत रुतलेली गाडी

गुहागर तालुक्यातून एक प्रश्न आलाय. तिथल्या एका गावची ग्रामपंचायत किनाऱ्यावर फलक लावणार आहे. मसुद्यातलं पहिलंच वाक्य असं : ‘परप्रांतीय पर्यटकांनी वाहने वाळूत उतरवू नयेत.’ त्यावर बैठकीत वाद झाला. एक सदस्य म्हणाले, ‘परप्रांतीय’ काढा, ‘बाहेरच्या’ लिहा. मागे बसलेले एक आजोबा म्हणाले, सरळ ‘घाटी’ लिहा ना, सगळ्यांना कळतं. विचारणाऱ्याला तीन गोष्टी हव्यात : परप्रांतीय नक्की कोणाला म्हणायचं, घाटी ही शिवी आहे का, आणि गोव्यात ‘भायलो’ म्हणतात ते आपलं ‘बाहेरचा’च का.

मी सावंतवाडीकडचा. शिक्षणाने भाषेचा नाही, पण कोश चाळायची खोड आहे. आजोबांपासून सुरुवात करतो, कारण त्यांनी निदान मनातलं बोलून दाखवलं.

‘घाट’ हा संस्कृत ‘घट्ट’वरून आलेला. मुळात नदीकाठचा उतरायचा धक्का, पायऱ्या. वाराणसीत तो अजून तसाच आहे. आपल्याकडे पायऱ्या डोंगराला लागल्या आणि घाट म्हणजे सह्याद्रीतून वर जाणारी वाट झाली : कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली. त्या वाटेने खाली उतरणारा तो घाटी. हा शब्द राज्याची सीमा ओळखतच नाही. साताऱ्याचा घाटी, कोल्हापूरचा घाटी, बेळगाव-धारवाडचाही घाटीच. गोव्यातही अगदी तसंच. म्हणजे ‘परप्रांतीय’च्या जागी ‘घाटी’ लिहिलं तर अर्धा महाराष्ट्र त्यात येईल आणि मुंबईहून थेट हायवेने आलेला गुजराती पर्यटक सुटेल.

शिवी आहे का? कुठे उभं राहून म्हणता त्यावर आहे. घाटी मसाला कोणाला खटकत नाही. छत्रपती संभाजीनगरात ‘घाटीत नेलंय’ म्हटलं तर माणूस सरकारी इस्पितळात आहे एवढाच अर्थ. मुंबईत मात्र ओझी वाहणाऱ्या, भांडी घासणाऱ्या मराठी माणसाला सरसकट घाटी म्हटलं गेलं आणि शब्दाला तुच्छतेचा वास लागला, तो अजून गेलेला नाही. गंमत अशी की त्या सरसकटीत कोकणातला माणूसही सापडला. जो भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरला, ज्याने जन्मात घाट चढला नव्हता, तोही घाटी. शिवाय रत्नागिरीकडच्या कुणब्यांसाठी मुंबईने वेगळा शब्द राखून ठेवला होताच : ‘बाल्या’. कानातल्या बाळीवरून पडला असं सांगतात. जाखडीला आजही ‘बाल्या नाच’ म्हणतात ते त्यामुळे. आपल्या प्रत्येक वाडीत असं एखादं घर आहे की जिथले आजोबा गिरणीत ‘ए बाल्या’ अशी हाक ऐकत जगले. बैठकीत मागे बसलेल्या आजोबांना एकदा विचारून बघा. एवढ्यावरून माझं मत सांगतो : फलकावर घाटी नको.

आता ‘भायलो’. हो, तो आपला ‘बाहेरचा’च. मराठीत ‘बाहेर’ राहिलं, कोकणी आणि मालवणीत मधला ‘ह’ उडी मारून ‘ब’ला जाऊन चिकटला आणि ‘भायर’ झालं. अशी उडी या बोलींत नवी नाही. बहिणीची कोकणीत ‘भयण’ होते ती अशीच. मग ‘वरला’, ‘खालला’ यांसारखाच ‘ल’ लागून ‘भायलो’.

पण अर्थात फरक आहे, आणि तो मला जास्त रंजक वाटतो. मराठीत ‘बाहेरचा’ म्हणजे दाराबाहेरचा. तो पाहुणा असेल, दूधवाला असेल, फार तर भूतबाधा असेल (‘बाहेरचं झालंय’ म्हणतात तसं). गोव्यात ‘भायलो’ म्हटलं की समोर ‘गोंयकार’, म्हणजे मूळचा गोवेकर, उभा असतोच. जमीन, नोकरी, मतदारयादी यांवर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्या जोडीत आधीच बसलेला आहे. आणि तिथला भायलो कोण? दिल्लीहून येऊन बंगला घेणारा तर आहेच, पण रोज सकाळी दोडामार्ग-बांद्याहून मोटरसायकलने गोव्यातल्या कारखान्यात जाणारा आपला पोरगाही आहे. २०१८ च्या सुरुवातीला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं तेव्हा सिंधुदुर्गात आंदोलन पेटलं होतं. माझ्या शेजारच्या काकी तेव्हा म्हाताऱ्या सासूला घेऊन तिथे खेपा घालायच्या. त्या एका वाक्यात बोलून गेल्या : ‘आमी कधीपासून भायले झालो रे?’

‘परप्रांतीय’वर फार थांबत नाही. हा कागदी शब्द. इंग्रजी अमलातले प्रांत संविधानात राज्यं झाले, पण ‘परराज्यीय’ कोणाच्या तोंडी बसलं नाही. सरकारी पत्रात ‘परराज्यातील नौका’ असतं, मालवणच्या जेटीवर परप्रांतीयच. शिवाय प्रांत बदलत राहतात. कारवार १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, म्हणजे रत्नागिरीवाल्याला कारवारी तेव्हा परप्रांतीय नव्हता. गोवा १९६१ पर्यंत चक्क परदेश.

समुद्रात मात्र हा शब्द बरोबर बसतो, हे कबूल करायला हवं. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या कायद्याखाली येते, महाराष्ट्राचा तो कायदा १९८१ चा. कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर त्या हद्दीत घुसून म्हाकूल, बांगडा ओढून नेतात आणि रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्याच्या हाती कचरा येतो, तेव्हा ‘परप्रांतीय’ला नेमका अर्थ आहे : ज्याचा परवाना दुसऱ्या राज्याचा आहे. तिथेही राग राज्यापुरता नाही. पर्ससीनवर (अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर) २०१६ साली निर्बंध आले ते ज्यांच्या विरोधातल्या तक्रारींमुळे, त्यांतले कित्येक मालक इथलेच होते. एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी चोरून दिवे लावणाऱ्यांत मराठी बोलणारे आहेतच. उलट आंब्याच्या बागेत सहा-आठ महिने राखण करणारा नेपाळी, बोटीवरचा नेपाळी खलाशी, हे तर दुसऱ्या देशातले. त्यांना कोणी परप्रांतीय म्हणून ओरडलेलं मी ऐकलं नाही. तो राबतो, पावसाच्या तोंडावर गावी जातो, कशावर हक्क सांगत नाही. (मजुरी किती देतो हा विषय निघाला की आपण सगळे हवापाण्याबद्दल बोलू लागतो, ते वेगळं.)

इथे एक जुना शब्द आठवतो. मराठेशाहीतल्या कागदांत गावच्या शेतकऱ्यांची दोन नावं येतात : मिरासदार आणि उपरी. ‘मिरास’ अरबी, म्हणजे वारसा. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, गावच्या मानपानात त्याची जागा. उपरी हा बाहेरून येऊन कसणारा. सारा बरेचदा कमी द्यायचा, पण गावच्या निर्णयात त्याला आवाज नाही, पटलं नाही तर निघून जायची मोकळीक. आजचा ‘उपरा’ त्याच्याच कुळातला. कोकणात खोत (गावचा सारा वसूल करणारा वतनदार) आणि कूळ (त्याच्याकडची जमीन कसणारा) अशी वेगळीच उतरंड होती. खोती बंद व्हावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली विधेयक मांडलं, ती कायद्याने गेली १९४९ मध्ये. म्हणजे पुष्कळ घरांत जमीन स्वतःच्या नावावर लागून पुरत्या तीन पिढ्या झालेल्या नाहीत. तीच जमीन समोरच्या सड्यावर तारेच्या कुंपणात जाते आणि आत ‘प्रवेश निषिद्ध’ची पाटी लागते, तेव्हा आपणच उपरी झालो असं वाटतं. विकली कोणी, हे विचारायचं नसतं. शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते असा कूळकायदा आहे, तरी वाट निघतेच, आणि सातबारावरच्या चाळीस नावांपैकी पहिली सही बहुधा मुंबईतल्या आपल्याच चुलत्याची असते. त्या चुलत्यालाही शब्द आहे, चाकरमानी. २०२५ च्या गणपतीआधी सरकारी कागदांत त्याच्याऐवजी ‘कोकणवासी’ लिहायची सूचना निघाली. चाकर हा शब्द लागतो म्हणे. माझ्या आईने चाकरमानी इतक्या मायेने म्हटलंय की मला काही तो लागत नाही.

आता विचारलं नव्हतं ते सांगतो, कारण माझ्या मते घोळ तिथे आहे. मुंबई-गोवा रस्त्यावर, एसटी स्टँडवर, हॉटेलांच्या भिंतींवर जे वाक्य दिसतं ते आठवा : ‘येवा, कोकण आपलाच आसा.’ घाटावरच्या मित्रांना वाटतं की कोकणाला इथे पुल्लिंगी केलंय. तसं नाही, मालवणीत नपुंसकलिंग ‘आ’ने संपतं, ‘घर आपला’ तसं ‘कोकण आपलाच’. गंमत लिंगात नाही, सर्वनामात आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. ‘आम्ही उद्या जाऊ’मध्ये ऐकणारा नाही, ‘आपण उद्या जाऊ’मध्ये तो आहे. हिंदीतलं ‘हम’ असा भेद करत नाही. त्यामुळे ‘आमचं कोकण’ म्हटलं की पाहुणा उंबऱ्याबाहेर राहतो, ‘आपलं’ म्हटलं की आत येतो.

पण ‘आपलं’ आणखीही दोन कामं करतं. ‘आपलं नाव काय?’ यात ते आदराचं ‘तुमचं’ आहे. ‘तो आपलं घर विकतो’ यात ते स्वतःचं आहे. यजमानाने म्हटलं, ‘घर आपलंच समजा’, तर तो चाल पाळतोय. पाहुण्यानेही चाल पाळायची असते, म्हणजे खरोखर आपलं समजून फडताळ उघडायचं नसतं. हा अलिखित अर्धा भाग पाटीवर मावत नाही. हिंदी बोलणारा ती वाचतो आणि त्याला ‘अपना’ कळतं. मग वाळू अपनी, वाळूत गाडी अपनी, आणि बाटल्याही तिथेच. पुण्याच्या गाड्यांना हिंदीची सबब नाही, ते मराठीतून नीट वाचून तेच करतात.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण धावू लागली. त्याआधी ‘पावणो’ हा एकच शब्द पुरत होता. तो संस्कृत ‘प्राघुण’, प्राकृत ‘पाहुण’ असा घरंदाज वाटेने आलेला. पावण्याला सोलकढी देतात, पैसे घेत नाहीत. पैसे घेतले की तो पावणो राहत नाही, पण तारकर्लीत घरगुती निवास चालवणारी माझी मावसबहीण अजून ‘पावणे इले’ असंच म्हणते आणि ‘पावणे गेले’ म्हणताना चादरी मोजते. ‘पर्यटक’ तिच्या तोंडी येतो तो फक्त तक्रार सांगताना.

तर फलक. गाडी कुठल्या राज्याची हे वाळूला कळत नाही, आणि मार्चमध्ये कासवांची पिल्लं बाहेर येतात त्यांनाही नाही. तेव्हा कर्ता माणूस ठेवूच नका, गाडी ठेवा : ‘येथून पुढे वाळूत गाडी नेऊ नये.’ ‘बाहेरच्या’ लिहिलंत तर सरपंचांच्या मेव्हण्याची जीप चालते असा अर्थ होईल, आणि तो अर्थ लोक काढतातच. खाली ‘आपला किनारा’ लिहायचं की ‘आमचा’, ते बैठकीत ठरवा. मी असतो तर ‘किनारा’ एवढंच लिहिलं असतं. फक्त ‘गाडी’ या शब्दात होड्या वर ओढणारा ट्रॅक्टरही येतो, त्यामुळे ‘मासेमारीची वाहने वगळून’ असं कंसात टाका. नाहीतर पहिला दंड गाबतवाडीत जाईल. आणि रुतलेल्या गाड्या ओढून काढायचे पैसे घेणारा तोच ट्रॅक्टरवाला आहे ना? फलक लावण्याआधी त्याच्याशी एकदा बोलून घ्या.