पाव इंच, तीन सूत आणि न जुळणारा स्टॅबिलायझर

या वेळच्या पत्रांत दुखणं एकच आहे. कॅमेरा एका कंपनीचा, गिंबल (मोटारींनी कॅमेरा स्थिर धरणारी मूठ) दुसरीचा, व्हेस्ट (स्टॅबिलायझरचा भार अंगावर पेलणारं जाकीट) तिसरीचा, आणि मध्ये कुठेतरी जोड बसत नाही. उत्तरांआधी एक विनंती. ‘या मॉडेलला ते मॉडेल जोडणारा अडॅप्टर’ असा शोध घेऊ नका, तसा तुकडा बहुधा कुणी बनवलेलाच नसतो. न जुळणारी दोन तोंडं कोणती ते ओळखा, दोन्ही व्हर्नियर कॅलिपरने मोजा आणि मग मापाच्या नावाने शोधा.

प्रश्न : गिंबलच्या मुठीखाली मोठं भोक आहे आणि माझ्या ट्रायपॉडचा स्क्रू त्यात लटपटतो. हार्डवेअरच्या दुकानातला ६ मिलिमीटरचा बोल्ट चालेल का?

नाही, तो बोल्ट बाजूला ठेवा. कॅमेऱ्याच्या साधनांत मुख्यतः दोनच आटे चालतात. पहिला १/४ इंचाचा, म्हणजे ६.३५ मिमी जाड, इंचाला २० आटे. दुसरा ३/८ इंचाचा, साधारण ९.५ मिमी, इंचाला १६ आटे. कारखान्यातल्या बोलीत दोन सूत आणि तीन सूत, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तुमचं भोक तीन सुताचं दिसतं. त्यासाठी रेड्यूसर बुश मिळतो : बाहेरून ३/८, आतून १/४, वर पेचकसासाठी खाच. तो काठाशी समतल बसेपर्यंत फिरवा. वर उरला तर सगळा भार त्या अरुंद कडेवर येतो आणि मूठ डुलते.

६ मिमीच्या बोल्टचा धडा मी स्वतः घेतला आहे. १/४ च्या भोकात तो एक-दोन फेरे अगदी सहज गेला, मग अडला. मी पान्याने जोर दिला. बाहेर काढला तेव्हा तळहातावर ॲल्युमिनियमचे चकचकीत कीस होते आणि प्लेटचे आटे मेलेले. कारण साधं आहे : त्या बोल्टच्या दोन आट्यांमधलं अंतर १ मिमी, १/४ चं १.२७. सुरुवातीला फरक जाणवत नाही, दर फेऱ्याला तो वाढत जातो. बोटांनी फिरता फिरत नसेल तर थांबा.

स्क्रूची लांबीही बघा. अनेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत ट्रायपॉडचा स्क्रू ५.५ मिमीपेक्षा आखूड हवा असं लिहिलेलं असतं. लांब स्क्रू तळाला टेकला की घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण प्लेट सैलच राहते. वर आतल्या भागाला इजा होते ती वेगळी.

प्रश्न : व्हेस्ट आणि स्प्रिंगचा आर्म मला एका संचातून मिळाला, स्लेड (कॅमेरा, मॉनिटर, बॅटरी धरणारा उभा दांडा) दुसऱ्या संचातला आहे. आर्मच्या टोकाची दांडी स्लेडच्या मुठीत शिरते, पण खडखड वाजते. टेप गुंडाळून काम भागेल?

टेप नको. या जोडावर सगळा स्लेड लटकतो.

व्हेस्ट, आर्म आणि स्लेडचा असा संच, म्हणजे स्टेडीकॅम, गॅरेट ब्राऊन यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत घडवला आणि या साधनांची मापं आजही इंचातच बोलली जातात. आर्मच्या टोकाची दांडी, म्हणजे पोस्ट, दोन जाडींत आढळते : लहान संचांत १/२ इंच, म्हणजे १२.७ मिमी, आणि मोठ्यांत ५/८ इंच, म्हणजे सुमारे १५.९ मिमी. तुमची पोस्ट चार सूत आणि मुठीतलं भोक पाच सूत असणार. फरक ३.२ मिमी, म्हणून सगळीकडून १.६ मिमी जाडीची नळी हवी. शोधताना ‘१/२ ते ५/८ पोस्ट स्लीव्ह’ असं म्हणा. मिळाली नाही तर चांगला टर्नर पितळेची किंवा डेल्रिन या कठीण प्लास्टिकची नळी लेथवर काढून देईल. त्याच्याकडे कागदावरचं माप नेऊ नका, दांडी आणि मूठ दोन्ही घेऊन जा. नळी पोस्टवर घट्ट बसावी आणि मूठ नळीवर विनाआवाज फिरावी. फिरणं अडखळलं तर तो हिसका थेट चित्रात उतरतो.

टेप चिकट असतो आणि दाबाने सरकतो. पहिले काही क्षण सगळं ठीक वाटतं, मग मूठ एका बाजूला कलते आणि तुम्ही नकळत मनगटाने सावरू लागता. ज्या हाताने स्लेडला फक्त दिशा द्यायची, तोच हात भार पेलू लागला की स्टॅबिलायझर वापरण्यात अर्थ उरत नाही.

उलटी अडचण असली, म्हणजे पोस्ट जाड आणि भोक बारीक, तर नळीने काही होत नाही. मूठ पोखरून भोक मोठं करायचा मोह होईल, तो आवरा, तिची भिंत पातळ होते. पोस्टच बदला. बहुतेक आर्ममध्ये ती सुटी असते, ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) ॲलन कीने सैल केला की निघते. तिथे खालून ५/८ आणि वरून १/२ अशी पायरीची पोस्ट बसवा.

दुकानात नुसतं ‘पाच सूत’ म्हणू नका. माइकच्या स्टँडचा आटाही ५/८ इंचाचाच, पण इंचाला २७ आट्यांचा. दिव्याच्या स्टँडची गुळगुळीत खुंटीही ५/८. तुम्हाला आट्याशिवायची पोस्ट हवी आहे हे स्पष्ट सांगा.

आणि आर्मची ताकद तपासा. त्यावर लिहिलेल्या वजनात कॅमेरा, मॉनिटर, बॅटरी, स्लेड सगळं येतं, तुमचा नवा तुकडासुद्धा.

प्रश्न : कॅमेऱ्याखाली आर्का पद्धतीची (तिरक्या कडांची, क्लॅम्पमध्ये सरकवायची) प्लेट आहे, गिंबलवर रुंद व्हिडिओ प्लेटची खाच. वर आर्का क्लॅम्प लावला, आता मोटारी गुरगुरतात.

क्लॅम्पने कॅमेरा वर उचलला, त्याचं हे फळ आहे. दीड-दोन सेंटिमीटर उंची वाढली तरी टिल्टच्या, म्हणजे कॅमेरा वर-खाली झुकवण्याच्या, पट्टीवर खाली सरकायला जागा उरत नाही. कॅमेरा वरच्या बाजूने जड राहतो आणि मोटारी सतत त्याला धरून ठेवतात. दोन्ही पद्धतींच्या कडा कापलेली एकच प्लेट मिळते, ती घ्या आणि क्लॅम्प काढून टाका. मोटारी बंद ठेवून लेन्स आभाळाकडे करा. सोडल्यावर ती तिथेच राहिली तर समतोल झाला.

आर्काची रुंदी साधारण ३८ मिमी असली तरी प्रत्येक कारखान्याचा किंचित फरक असतो. खटक्याने ठरावीक मापाला बंद होणाऱ्या क्लॅम्पला तो सोसत नाही, फिरकी पिळून आवळायच्या क्लॅम्पला सोसतो. वेगवेगळ्या कंपन्यांचं सामान असेल तर मी नेहमी फिरकीचाच सुचवतो.

यांत्रिक स्लेडवर हीच उंची वेगळी दिसते. स्लेड आडवा धरून सोडा. उभा व्हायला दोन-तीन सेकंद लागायला हवेत. अडॅप्टर घातल्यावर तो आळसावला तर खालचं वजन थोडं आणखी खाली न्या.

प्रश्न : मोबाइलच्या गिंबलवर गोप्रो हा छोटा कॅमेरा लावता येईल?

येईल. गोप्रोच्या बुडाला दोन बोटं असतात, त्यात ५ मिमीचा बोल्ट जातो. हिरो ८ या मॉडेलपासून, म्हणजे २०१९ पासून, ती कॅमेऱ्यातच दुमडलेली आहेत, आणि २०२३ च्या हिरो १२ मध्ये त्यांच्या मध्ये १/४ चं भोकही आलं. खरी अडचण जाडीची आहे. मोबाइल चपटा, हा ठोकळा, त्यामुळे वजन पुढे येतं. म्हणून नुसती बोटांची जोडणी घेऊ नका. मोबाइलच्या आकाराची, कॅमेरा मागे सरकवता येईल अशी आणि वजनाची चकती लावायची सोय असलेली प्लेट घ्या.

प्रश्न : असे तुकडे थ्रीडी प्रिंटरवर छापले तर?

वरच्या गोप्रोच्या प्रश्नातली प्लेट जरूर छापा. माप तपासायला नमुना म्हणून पोस्टची नळीही छापा, ती टर्नरला दाखवायला फार उपयोगी पडते. पण भार त्या नळीवर टाकू नका. छापील तुकडा थरांच्या सांध्यावर फाटतो, आणि पीएलए हे छपाईचं प्लास्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं, तेवढी उष्णता उन्हातल्या बंद गाडीत सहज होते. आटे छापायचे टाळा. भोक साधं ठेवा आणि त्यात आतून आटे असलेला पितळेचा १/४ इंची इन्सर्ट तापवून बसवा.