गणिताच्या शिक्षकांना परत गणिताचंच ट्रेनिंग कशाला?

तुम्ही विचारलंय की बीएड होऊन इतकी वर्षं शिकवणाऱ्या सरांना परत विषयाचं ट्रेनिंग कशाला. लागतं हो. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणात वर्षाला किमान ५० तास सांगितलेत, पण आमच्याकडं परभणी-हिंगोली साईडला ट्रेनिंग म्हणलं की पीपीटी, हजेरी, जेवण आणि शेवटी लिंक भरा, गणित राहतं बाजूलाच.

एक उदाहरण बघा. पाऊण भागिले अर्धा. उलटा करून गुणा, उत्तर दीड, हे सगळेच सांगायलेत. पण पोरगं म्हणतं, सर पाऊण लिटर दुधातून अर्ध्या लिटरची एक पिशवी भरली, पाव लिटर उरलं, मग उत्तर सव्वा यायला पाहिजे ना? इथं लई जण "नियम पाठ कर" म्हणून मोकळे होतात. उरलेलं पाव लिटर म्हणजे अर्धी पिशवी, आपण लिटर नाही पिशव्या मोजायलोत, हे चटकन सुचायला विषय आतून पक्का लागतो आणि तो एमएस्सीच्या कॅल्क्युलसनं आपोआप होत नसतो. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ ली शुल्मन यांनी १९८६ मध्येच मांडलंय की शिकवण्यासाठीचं विषयज्ञान वेगळंच असतं.

त्यामुळं कोर्स निवडताना बघा की तिथं स्वतः गणितं सोडवायला लावतात का, पोरांच्या चुकलेल्या वह्या समोर ठेवून बोलतात का. नसेल तर केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांतले, तीन-चार शिक्षक मिळून महिन्याला एकच घटक घ्या, अपूर्णांकापासून सुरू केलं तरी चालतंय.