संबळाचं चित्र आधी बाजूला ठेव

गोंधळाच्या गाण्यांच्या अल्बमचं कव्हर म्हटलं की संबळ, कवड्यांची माळ, पेटती दिवटी आणि मागं तुळजापूरचा कळस, हे सगळ्यांनाच सुचतं. तुलाही तेच सुचलंय, त्यात गैर काही नाही. ते चित्र रेखाटून टाक एकदाचं, म्हणजे हात मोकळा होईल. माझी पहिली तीन-चार चित्रं नेहमी वायाच जातात.

मागं भारुडांच्या अल्बमसाठी मी हिमरू कापडावरची वेलबुट्टी घेतली होती. दोन रात्री बुट्ट्या जुळवत बसलो. कॉम्प्युटरवर काय देखणं दिसायचं! मोबाईलवर बघितलं तर सतरंजी. जुन्या एलपी तबकडीचं कव्हर बारा इंचाचं असायचं, त्यात असली नक्षी खपून जायची. आता फाईल ३००० बाय ३००० पिक्सेलची दिली तरी ऐकणारा ती अंगठ्याच्या नखाएवढीच बघतो. म्हणून प्रत्येक कल्पना आधी तेवढी बारीक करून, फोन हातभर लांब धरून बघ. मग रंग काढून काळी-पांढरी बघ.

अक्षरांकडं तर नीट बघ. आपल्या शिरोरेषेवर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. बारीक टाकाचं अक्षर गर्द फोटोवर पार विरून जातं.

टाकलेलं पुसू मात्र नकोस, तारीख घालून वेगळ्या फोल्डरात ठेव. त्या हिमरूतली एकच बुट्टी मी पुढं दुसऱ्या कव्हरवर मोठी करून वापरली. गायकाला मात्र दोनच नमुने दाखव. सहा दाखवलेस की तो सहाही एकत्र करायला सांगतो.