नेमबाजी प्रश्नोत्तरं: रेग्युलेटर राहू दे, आधी स्क्रू बघ

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पीसीपीबद्दलची आहेत, म्हणजे ज्या रायफलीत हवा आधीच सिलेंडरमधे दाबून भरलेली असते आणि रेग्युलेटर ती दर शॉटला ठरावीक दाबावर आणतो तिच्याबद्दल. 2024 ला पॅरिसमधे स्वप्नील कुसाळेने ब्राँझ आणलं (ते 50 मीटरचं, .22 चं, पण घरच्यांना तेवढा फरक कुठे कळतो) तेव्हापासून आमच्याकडे रिपेरला येणाऱ्या सेकंडहँड रायफलींची रांगच लागलीय. खालची सगळी उत्तरं 10 मीटर मॅचच्या हिशोबाने दिलीत.

प्रश्न (कोल्हापूर): सर, मी 19 वर्षांचा. एका सीनियरकडून जर्मन मॅच पीसीपी घेतली. आधी दहा शॉटची सिरीज 103-104 ची बसायची, गेले दोन महिने मधेच एखादा शॉट 9.6 नाहीतर 9.7 जातो, बहुतेक डावीकडे, कधी वर कधी खाली. रेंजवर एक जण म्हणाला स्पीड कमी पडतोय, रेग्युलेटरचं प्रेशर वाढव. व्हिडिओ बघून उघडू का?

नको रे बाबा, उघडू नको. आधी आपण साधा हिशोब करू.

तुझा पेलेट (शिशाची छोटी गोळी) अर्ध्या ग्रॅमच्या किंचित वर आणि स्पीड सेकंदाला 170-175 मीटर, म्हणजे 10 मीटर जायला त्याला सेकंदाचा साधारण सतरावा भाग लागतो आणि तेवढ्यात तो 16-17 मिलिमीटर खाली येतो, हे खाली येणं साइटने आधीच धरलेलं असतं. आता समज रेग्युलेटर नाटकं करतोय आणि स्पीड 3 मीटरने घटला, तर पेलेट अजून अर्धा-पाऊण मिलिमीटर खाली बसेल. आपल्या टार्गेटवर 0.1 म्हणजे पाव मिलिमीटर. म्हणजे तीन मीटरचा फरक, जो क्रोनोवर (पेलेटचा स्पीड मोजणाऱ्या यंत्रावर) बघून पोरं रडायला लागतात, तो तुझे फार तर दोन-तीन दशांश खातो, आणि तेही फक्त वर-खाली. डावीकडे नाही. रेग्युलेटरला डावं-उजवं कळत नाही! तुझा शॉट डावीकडे जातोय म्हणजे चोर दुसरीकडे आहे.

पहिलं काम स्क्रू. स्टॉक आणि ॲक्शन धरणारे, मागच्या डायॉप्टरचे (बारीक भोकाची मागची साइट), पुढच्या टनेलचा (पुढच्या साइटची नळी), चीकपीसचा, बटप्लेटचा, सगळे. टॉर्क रेंच असेल तर मॅन्युअलमधे दिलाय तेवढा टॉर्क, नसेल तर ॲलन कीची आखूड बाजू हातात धरून दोन बोटांनी जेवढं आवळता येईल तेवढंच, पहिलवानकी नको. मी स्वतः एकदा तीन आठवडे फ्लायरच्या, म्हणजे मधेच भरकटणाऱ्या शॉटच्या, मागे वेडा झालो होतो, पेलेट बदलले, बॅरल घासली, झोपेत ट्रिगर दाबायला लागलो, आणि शेवटी निघालं काय तर पुढच्या साइटचं टनेल केसभर हलत होतं, अंगठ्याने दाबलं की टुक्क असा आवाज यायचा. तेव्हापासून आवळून झालं की स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या पत्र्यावर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढतो. स्क्रू फिरला की रेघ तुटलेली दिसते. बायकोची लाल बाटली गेली ती परत मागितली नाही तिने.

दुसरं, कँट. रायफल खांद्यावर एका बाजूला थोडी कललेली असली तरी चालते, बरेच जण तशीच धरतात, पण दर शॉटला सारखीच कललेली हवी. पाच अंशांचा फरक पडला की पेलेट कललेल्या बाजूला जवळपास दीड मिलिमीटर सरकतो, म्हणजे अर्धा पॉइंट गेलाच की. पाच अंश म्हणजे घड्याळाच्या मिनिटकाट्याचं एक मिनिटसुद्धा नाही, आरशात दिसणार पण नाही. पुढच्या टनेलमधे छोटा लेव्हलचा बबल मिळतो तो फक्त प्रॅक्टिसला लावून बघ, मला वाटतं तुझं उत्तर तिथेच आहे.

ते दोन्ही ठीक निघालं तर पेलेट जिथून आत सरकतो तिथली ओरिंग (हवा अडवणारी रबरी कडी) बघ. टिश्यू पेपरची पट्टी ब्रीचजवळ धरून पेलेट टाकून शॉट मारायचा, अर्थातच रेंजवर, नळी टार्गेटकडेच. पट्टी फडफडली तर हवा गळतेय. ओरिंग फार महाग नसते पण मापाचीच घे, हार्डवेअरच्या दुकानातली जवळपासची नको. नळीच्या तोंडाची कड भिंगाने बघ, एक टवका पुरेसा असतो.

आणि हे सगळं करताना एका वेळी एकच गोष्ट बदल. स्क्रू आवळले, ओरिंग टाकली, पेलेट बदलला, सगळं एकाच संध्याकाळी केलंस आणि ग्रुप सुधारला तर तुला कळणार काय, नेमकं कशाने सुधारला ते?

तरीही रेग्युलेटरवर संशय असेल तर न उघडता तपासता येतो. क्रोनोवर पाच शॉट मार, मग रायफल दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेव, परत मार. पहिला शॉट एकदम चार-पाच मीटर वर आणि पुढचे परत जागेवर, असं दर वेळी झालं तर रेग्युलेटरच्या सीटमधून (हवा बंद करणाऱ्या बैठकीतून) हवा हळूहळू झिरपतेय, बहुतेक वेळा कचरा नाहीतर झिजलेलं सील. मग सर्व्हिसला पाठव. मी पोरगेला असताना क्लबची रायफल घरच्या टेबलावर टॉवेल अंथरून उघडली होती, वॉशरच्या चकत्या कुठल्या कुठल्या तोंडाने बसवल्या होत्या ते लिहून ठेवलं नाही, एक चकती कपाटाखाली गेली, ती रायफल पुढे चार महिने बंद होती आणि मी क्लबमधे कुणाशी डोळे मिळवत नव्हतो. शिवाय आत हवा असताना एखादा भाग सुटला तर तो गोळीसारखा येतो. गेज 70-80 बारच्या खाली गेलेलं असतानाच फ्लायर पडतायत का तेवढं मात्र आठवून बघ, कारण तेव्हा बिचारा रेग्युलेटर दोषी नसतो, सिलेंडरमधेच हवा पुरत नाही.

प्रश्न (ठाणे): माझी मुलगी 14 वर्षांची, 10 मीटर करते. कोच म्हणतात पेलेटचे वेगवेगळे लॉट आणून टेस्ट करा. एवढ्या महाग डब्यांवर खर्च करायचा का, खरंच फरक पडतो?

ताई, पडतो, पण कधी पडतो ते तिच्या स्कोअरवर आहे. ॲव्हरेज 10 च्या खाली असेल तर तिचा हातच अजून पेलेटपेक्षा जास्त हलतोय, तेव्हा चांगल्या कंपनीचा एक मॅच पेलेट ठरवा आणि तोच वापरा. 10.3-10.4 च्या पुढे गेली की मग टेस्टिंगचे पैसे वसूल होतात, कारण तिथे लढाई 0.1 ची असते आणि क्वालिफिकेशनचे 60 शॉट असतात, दर शॉटला 0.1 म्हटलं तरी 6 पॉइंट झाले.

टेस्ट खांद्यावरून करायची नाही. रायफल वाइसमधे आवळून, एकाच मापाच्या डोक्याचे (डब्यावर 4.49, 4.50, 4.51 असं लिहिलेलं असतं) दहा-दहा शॉट कोऱ्या कागदावर मारायचे आणि भोकाची बाहेरून बाहेर रुंदी व्हर्नियरने मोजायची. पेलेट स्वतःच साडेचार मिलिमीटरचा, त्यामुळे सहाच्या आत भोक आलं म्हणजे तो लॉट उत्तम, आठ आलं तर ठेवा बाजूला. एका ग्रुपवर मात्र विश्वास ठेवू नका, नशिबाने पण सहा येतो, तीन ग्रुप तरी मारा. कुठल्या मापाला ही रायफल खूश होईल ते कंपनीलाही आधी सांगता येत नाही, एकाच मॉडेलच्या शेजारच्या दोन रायफली वेगळे पेलेट मागतात. आवडला की त्याच लॉटचे डबे सीझनभराचे घेऊन ठेवा, लॉट नंबर डब्याच्या स्टिकरवर असतो. आणि मुलीला सांगा डबा खाली पाडायचा नाही, पेलेटचा मागचा घेर कागदासारखा पातळ असतो, चेपला की गेला तो साइटरमधे, म्हणजे न मोजायच्या सरावाच्या शॉटमधे.

नळी मात्र उत्साहाने घासू नका. तिच्या रायफलीत फेल्ट पेलेट (नळी पुसणाऱ्या नमद्याच्या गोळ्या) चालत असतील तर काही डब्यांमागे एकदा दोन-चार फेल्ट सोडले तरी पुरतं, नंतरचे दहा-पंधरा शॉट मोजायचे नाहीत, नळी परत शिशाची सवय करून घेते.

प्रश्न (रत्नागिरी): आमच्याकडे कंप्रेसर नाही, हातपंपाने भरतो. पावसाळ्यात काही वेगळी काळजी?

भाऊ, कोकणात आणि हातपंप, म्हणजे पावसाळ्यात तुम्ही रायफलीत हवा कमी आणि पाणी जास्त भरताय असं समजा. जुलैमधे 28 डिग्री आणि 90 टक्के दमट हवेत घनमीटरला 24-25 ग्रॅम पाणी असतं. छोटा सिलेंडर 200 बारला भरायला बाहेरची 40-50 लिटर हवा लागते, त्यात एक ग्रॅमच्या आसपास पाणी, म्हणजे वीसेक थेंब. एवढ्या दाबाखाली ते वाफ म्हणून राहूच शकत नाही, थेंब होतं, थोडं पंपात थोडं सिलेंडरमधे, आणि मग रेग्युलेटरची सीट खराब होते, आतून पांढरी पूड धरते. पंपाला सिलिकाजेलचा फिल्टर लावा, दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर परत कोरडे करा (रंगवाले दाणे असतील तर स्वयंपाकाचा तवा नको, जुना पत्रा घ्या), दर 50 बारला थांबून पंपाचा ड्रेन उघडा, फुस्स करून पाणी उडतं ते स्वतः बघाल. जमलं तर डायव्हिंगवाल्यांकडचा मोठा सिलेंडर कोरड्या हवेने भरून आणा, त्यातून सावकाश भरा.

आणि तेल! पंप कुरकुरला म्हणून सायकलचं तेल, खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, काहीही टाकू नका. दाबाखाली तापलेल्या हवेत तेलाचा स्फोट होतो, डिझेल इंजिन चालतं तसा. ओरिंगला सिलिकॉन ग्रीस, तेही हलकंसं. ऑक्सिजनच्या सिलेंडरवरून तर कधीच भरायचं नाही, कुणी ओळखीच्या हॉस्पिटलातून आणून देतो म्हणाला तरी.

प्रश्न (नागपूर): मे महिन्यात रायफल गाडीतच राहते, रेंजवर गेल्यावर पहिली सिरीज वर जाते. कशाने?

बंद गाडीत 60 डिग्री सहज होतं. सकाळी 30 डिग्रीला 200 बार भरलेला सिलेंडर तिथे 220 च्या जवळ जातो, म्हणजे कंपनीच्या लिमिटच्या वर. सिलेंडर वेगळा काढून घरी ठेवा किंवा उन्हाळ्यात 170 पर्यंतच भरा. शॉट वर जाण्याचं कारण मात्र दुसरं: रेग्युलेटर, सील, व्हॉल्व्हची स्प्रिंग सगळं गरम असतं, स्पीड सरकतो, आणि एसी रेंजमधे थंड होताना परत सरकतो. रायफल बॅगेतून काढून अर्धा तास रेंजवर ठेवा, तोवर ड्राय फायर (पेलेट न घालता ट्रिगरचा सराव) करा.

प्रश्न (जळगाव): शेतात रानडुकरं फार झालीत. पीसीपीचा पॉवर वाढवून देता का, आणि वर स्कोप बसेल का?

पॉवरचं काम मी करत नाही आणि कसं करायचं तेही सांगणार नाही. आर्म्स रूल्स 2016 प्रमाणे 4.5 मिलिमीटरची आणि 20 ज्यूलच्या आतली एअर रायफलच बिनलायसन्सची, मॅच रायफल तर साडेसात-आठ ज्यूलवर चालते. रानडुक्कर 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली येतं, नुकसान झालं असेल तर वनखात्याकडे पंचनामा मागा, भरपाई मिळते. त्यातून अशा रायफलीने डुक्कर मरत नाही, जखमी होतं आणि मग शेतातल्या माणसावर येतं. स्कोप बसतो, पण 10 मीटर मॅचला चालत नाही, डायॉप्टरच लागतो.

प्रश्न (पुणे): बालेवाडीला मॅचच्या आधी माझा सिलेंडर तारीख संपली म्हणून बाजूला काढला. हवा तर नीट धरतो, मग हा काय जाच?

जाच नाही हो. सिलेंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते आणि बहुतेक कंपन्या तिच्यापासून 10 वर्षं देतात, त्यानंतर तो हवा धरतो की नाही हा प्रश्नच उरत नाही. शेकडो वेळा भरून रिकामा झालेला ॲल्युमिनियमचा नळा आतून थकतो आणि थकलेलं बाहेरून दिसत नाही. तारखेची जबाबदारी नियमाने शूटरचीच आहे, रेंजची नाही. सेकंडहँड घेताना मी रायफलीच्या आधी सिलेंडर हातात घेतो, तारीख वाचतो आणि मग किमतीतून नव्या सिलेंडरचे पैसे वजा करून बोलतो, विकणारा कितीही म्हणो फक्त घरातच होती.

तुमच्या जुन्याची हवा रायफलीसोबतच्या ब्लीड ॲडॅप्टरने पूर्ण काढा, व्हॉल्व्हला पान्हा लावू नका, आणि मग भंगारात देण्याआधी सर्व्हिसवाल्याकडून कापून घ्या. नुसता दिलात तर चार दिवसांनी तोच सिलेंडर कुणाच्या तरी रायफलीला लागलेला दिसेल, मी दोनदा बघितलाय.