ऊसपट्ट्यातला शेतकरी रानातल्या पक्ष्यांसाठी काय करू शकतो?

पाचट (उसाची वाळलेली पानं) पेटवू नका आणि बांध कोरू नका; कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर-शिरोळच्या उसात एवढं केलंत तरी पुष्कळ झालं. जमिनीवर अंडी घालणाऱ्या तित्तिराला आडोसा आणि किडे मिळतात ते बांधावरच्या गवतातच. पाचट सरीत कुजवलं तर खोडव्याला (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या उसाला) ओल टिकते, हा फायदा तुमचाच. नांगरताना टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली, तर खाली नीट बघा: ढेकळाच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची बहुधा चार अंडी असतात. तेवढा तुकडा महिनाभर सोडा. उंदरांना विषाऐवजी सापळा लावा, कारण विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडाच्याही पोटात जातो. मात्र तणमोरासारख्या अतिसंकटग्रस्त पक्ष्याला उसाचा काहीच उपयोग नाही, त्याला मुख्यतः गवताळ माळ लागतो.